गन हातात येण्याआधीचं वर्ष

दहावीनंतर लातूरला औसा रोडवरच्या एका गाड्या रंगवायच्या गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा वाटलं होतं महिन्याभरात स्प्रे गन हातात येईल. वर्षभर हातात पॉलिश पेपरच होता. आता माझ्याकडं नवी पोरं येतात, त्यांचाही पहिला प्रश्न तोच: गन कधी?

जुनी गाडी उघडी करायला, म्हणजे जुना रंग पार पत्र्यापर्यंत काढायला, मी शिकलो 2016 च्या उन्हाळ्यात. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं, तो उन्हाळा. उदगीरकडच्या एका वकिलांची प्रीमियर पद्मिनी कार आली होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1984 ची. मूळ पांढऱ्यावर पिवळा, त्यावर मरून, वर कुणीतरी ब्रशनं मारलेला ऑइल पेंट. मिस्त्रींनी पहिल्यांदा आरसी मागितली. आरसीवर पांढराच रंग होता आणि वकिलांनाही तोच हवा होता, म्हणून बरं. रंग बदलायचा असता तर आरटीओत नोंद करावी लागली असती.

मग त्यांनी फुटक्या स्पीकरचा लोहचुंबक फडक्यात गुंडाळून माझ्याकडं दिला. "फिरव दारावर." हँडलच्या खाली चुंबक धरेचना, सटकन सुटायचा. तिथं पत्र्यावर अर्धा बोट जाड लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, भरलेली निघाली आणि लांबीखाली पत्र्याची चाळणी. चुंबक फिरवल्याशिवाय मी आजही गिऱ्हाइकाला रेट सांगत नाही. तुम्हीही सांगू नका, वेल्डिंगचा खर्च आपल्याच अंगावर येतो.

पेंट रिमूव्हरचं गणित आपल्याकडं उन्हावर आहे. एप्रिलात दुपारी लावला तर रंग सुटायच्या आधी रिमूव्हरच वाळतो. सकाळी लवकर, सावलीत, जाड थर एकाच दिशेनं लावायचा, पुन्हा पुन्हा ब्रश घासायचा नाही आणि वर प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा. वीसेक मिनिटांत रंग तळलेल्या पापडासारखा फुगतो. तो खरवडायच्या पट्टीचे कोपरे कानशीनं गोल करून घ्या, नाहीतर पत्र्यावर चरे पडतात. दाराच्या कडा, सांधे टेपनं झाकून ठेवा आणि तेवढं शेवटी हातानं घासा. सांध्यात राहिलेला रिमूव्हर नव्या रंगाला खालून फोड आणतो. शटर बंद करून हे काम कधीच करू नका. त्याची वाफ जड असते, खाली साचते, डोकं गरगरतं.

रिमूव्हर काढल्यावर पत्रा पाण्यानं धुवायचा असतो. त्या वर्षी प्यायलाच पाणी नव्हतं, गाडी कुठून धुणार? थिनरच्या फडक्यानं पुसत गेलो आणि पाणी मारून घासायचं तेही कोरडंच घासलं. तोंडाला रुमाल. दोन दिवस नाकातून पिवळं येत होतं. जुन्या पिवळ्या-लाल रंगात शिसं असू शकतं हे मला फार उशिरा कळलं. आता कार्ट्रिजचा मास्क घातल्याशिवाय पोरांना पेपर देत नाही, आणि घरात लहान लेकरू असेल तर कपडे गॅरेजातच बदलायला लावतो. यावरून माझ्याशी भांडतात पोरं. भांडू द्या.

घाईत एकदा बॉनेटवर ग्राइंडर टेकवला. मिस्त्री लांबून ओरडले, "अरे, काय करायलास?" तोवर पत्रा तापून फुगला होता. दाबला की टक्, सोडला की टक्. सपाट पत्र्यावर ग्राइंडर नको. चेसिस नंबरजवळ तर अजिबातच नको.

पण खरी चूक पुढं झाली. एका संध्याकाळी मी हौसेनं बॉनेट आणि दोन्ही फेंडर 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून चकाचक केले. चांदीसारखा पत्रा बघून सारखा हात फिरवत होतो. प्राइमर, म्हणजे उघड्या पत्र्यावरचा पहिला थर, मारायच्या वेळी लाइट गेली आणि रात्री वळवाचा पाऊस आला. गाडी शेडखालीच होती, थेंबही लागला नव्हता.

सकाळी बघतो तर बॉनेटवर माझा पंजा. पाची बोटं, तळव्याच्या रेषेसकट, नारिंगी गंजात उठलेली. घामातल्या मिठावर ओल बसली होती. फेंडरवर तर असे चार पंजे.

मिस्त्री काही बोलले नाहीत. माझा तळवा उलटा करून बघितला, पंजाशी ताडून पाहिला, हसले. मग 80 चा नवा पेपर फाडून दिला आणि म्हणाले, "आज फक्त बॉनेट. दुपारपर्यंत एपॉक्सी प्राइमर पडला पाहिजे. फेंडरला उद्या हात लावायचा." आणि मालकाकडून माझ्यासाठी सुती हातमोजे मागून आणले.