कॅन्सरसाठी सरकारी मदत घेताना या चुका टाळा : कागद आधी, ॲडमिट नंतर

मामांच्या फाइलीत नव्वद हजारांची एक पावती आहे. गालाच्या गाठीचं ऑपरेशन, खासगी दवाखाना. कपाशीवर उचल घेऊन आम्ही पैसे भरले. चौथ्या दिवशी शेजारच्या कॉटवरच्या पेशंटच्या मुलाने सहज विचारलं, "दादा, रेशनकार्ड नव्हतं का?" होतं की. केशरी. अमळनेरला, ट्रंकेत.

"आत्ता भरू, मागून क्लेम करू"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रेशनकार्डावर मोफत उपचार देणारी राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ही मेडिक्लेम पॉलिसी नाही. उपचाराआधी हॉस्पिटल मंजुरी मागवतं आणि पैसे थेट हॉस्पिटलला जातात. तुमच्या हातातल्या पावतीला तिथे किंमत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीचंही तसंच आहे. अर्ज उपचार चालू असतानाच करायचा. सोबत खर्चाचं अंदाजपत्रक लागतं (खासगी दवाखाना असेल तर त्यावर सिव्हिल सर्जनची सही) आणि तहसीलदाराचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला. डिस्चार्जनंतर गेलात तर फक्त चहा पिऊन परत याल. आम्ही तीन वेळा प्यायलो.

जुनी माहितीही डोक्यातून काढा. "दीड लाखच मिळतात", "पांढऱ्या कार्डाला काही नाही" हे अजून पारावर ऐकू येतं. २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख झाली आणि पांढरं कार्डही योजनेत आलं. मात्र हे ५ लाख अख्ख्या घराचे आहेत, एका माणसाचे नाहीत. केमो, ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) एकाच वर्षात येणार असतील तर किती उरले ते आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, अधूनमधून विचारत राहा.

"हॉस्पिटल योजनेत आहे ना, मग झालं"

नाही झालं. बोर्ड लावलेला असतो, पण हॉस्पिटल कोणत्या विभागासाठी संलग्न आहे ते वेगळं. मुतखड्यासाठी योजनेत असलेलं हॉस्पिटल कॅन्सरसाठी असेलच असं नाही. कुठे ऑपरेशन होतं पण रेडिएशनचं मशीनच नाही. म्हणून योजनेच्या १५५३८८ या नंबरवर फोन करून नेमकं विचारा : तोंडाचा कॅन्सर, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन, दोन्ही योजनेतून कुठे होईल? संलग्न ठिकाणी मंजूर उपचारासाठी वर पैसे मागितले तर तक्रारही याच नंबरवर.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कॅन्सर उपचारांचं त्रिस्तरीय धोरण मंजूर केलं. केंद्राच्या २०२५-२६ च्या बजेटनेही तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर (त्याच दिवशी घरी सोडणारी) केमो केंद्रं सांगितली आहेत. चांगलंच आहे. पण बातमी वाचून नंदुरबारहून थेट निघू नका, आधी फोन करा.

नावातला घोळ

आधारवर "सुमनबाई", रेशनकार्डावर "सुमन", आणि सुनेचं नाव तर अजून माहेरच्याच कार्डावर. दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा शाखेत होते. आजारपण येण्याआधी करून ठेवा.

गाठ दिली, ब्लॉक मागितला नाही

हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. बायोप्सीत तपासणीसाठी गाठीचा काढलेला तुकडा मेणात बसवतात. तो चौकोनी ठोकळा म्हणजे ब्लॉक. साधारण खडूच्या तुकड्याएवढा, दिसायला अगदीच फालतू. त्याच्या पातळ चकत्या काचपट्टीवर लावल्या की ती स्लाइड. मुंबईला परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात गेलात की रिपोर्टच्या कागदासोबत ब्लॉक आणि स्लाइडही मागतात, कारण तिथले डॉक्टर स्वतः परत तपासतात. आमचा ब्लॉक लॅबमध्येच राहिला होता. तो आणायला मी रात्रीच्या गाडीने मुंबईहून जळगावला आलो आणि दुसऱ्या रात्री परत गेलो. लॅबमधून ब्लॉक मागून घ्या, सही देऊन. उन्हात ठेवू नका, मेण आहे ते. जळगावचा मे महिना तुम्हाला सांगायला नको.

रेल्वेचंही असंच. कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट उपचारासाठी जाताना-येताना पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट. पण हॉस्पिटलने ठरावीक नमुन्यात भरून दिलेला फॉर्म आधी खिडकीवर द्यावा लागतो. मोबाइलवर काढलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

आशाताईला "काही नाही" सांगणं

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी हा सरकारी कार्यक्रम आहे. पैसे केंद्र आणि राज्य मिळून देतात. आशाताई घरी येऊन फॉर्म भरते, त्यात तंबाखू-मशेरीचा प्रश्न असतो आणि तिथेच आपण खोटं बोलतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते ते शिरपुरातलं शाळकरी पोरही सांगेल. मामा दोन वर्षं म्हणत राहिले, "काही नही रे भो, तोंड येल शे." तोंड तीन बोटांएवढं उघडेना तेव्हा डॉक्टरकडे गेले.

मागच्या महिन्यात मामींना उपकेंद्रात नेलं. सिस्टरने बॅटरी लावून गाल आतून पाहिला, दोन मिनिटं. डाव्या बाजूला पांढरा चट्टा. पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी मिळाली. या खेपेला रेशनकार्ड पिशवीत आहे. मशेरीची डबी मात्र अजून चुलीमागेच आहे.