चाळीस पानांचा इतिहास आणि एक रिकामा कॅन

एका गेम स्टुडिओने दिलेली माझी पहिली लेखन-टेस्ट मी चाळीस पानांत सोडवली होती. हुकूमशाहीतलं एक शहर, त्याचा शंभर वर्षांचा इतिहास, तीन युद्धं, राज्यकर्त्यांची वंशावळ, सगळं होतं त्यात. पुरुषोत्तम करंडकासाठी दोन वर्षं संहिता लिहिलेल्या, त्यामुळे पानं भरायची भीती नव्हतीच. समोरच्या बाईंनी पानं चाळली आणि विचारलं, "छान आहे. पण यात खेळणारा हाताने करतो काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काम मिळालं नाही, आणि आता वाटतं, मिळायला नकोच होतं.

गेमसाठी लिहायचंय म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हल्ली हाच प्रश्न विचारते. डिस्टोपिया लिहायचा असेल तर जास्तच, कारण माणसाला चिरडणाऱ्या व्यवस्थेची गोष्ट म्हटली की आपण त्या व्यवस्थेचा इतिहास रचत बसतो. खेळणाऱ्याला तो नको असतो. त्याला ती व्यवस्था अंगावर यायला हवी असते.

2004 सालचा 'हाफ-लाइफ 2' घ्या. सुरुवात सिटी 17 च्या रेल्वे स्टेशनवर. मुखवटा घातलेला एक शिपाई रिकामा कॅन खाली पाडतो आणि तो उचलून कचऱ्यात टाकायला तुम्हाला फर्मावतो. टाकलात तर वाट सोडतो. त्याच्याच अंगावर भिरकावलात तर दंडुका घेऊन मागे लागतो. अर्ध्या मिनिटात गेमने दोन कामं उरकलेली असतात: वस्तू उचलायच्या-फेकायच्या कशा ते शिकवलं, आणि या गावात तुमची पत काय तेही दाखवलं. माझ्या चाळीस पानांत या एका कॅनइतकं काही नव्हतं.

पण मला खरी अक्कल आली ती बाबांमुळे. बाबा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. एका सुट्टीत मी त्यांना 'पेपर्स, प्लीज' खेळायला बसवलं. लुकास पोप या एकट्या माणसाने केलेला हा गेम 2013 मध्ये आला. काळ 1982, देश अर्स्टोट्स्का नावाचा काल्पनिक, आणि तुम्ही सीमेवरच्या खिडकीत बसून पासपोर्ट तपासायचे. एक माणूस नीट तपासला की पाच क्रेडिट. त्यातूनच संध्याकाळी घरभाडं, जेवण, शेकोटी, औषधं.

बाबांची पहिली तक्रार टेबलाबद्दल होती. "अगं, एवढंसं टेबल? चार कागद पसरायचे कुठे?" तेच तर! ती अडचण मुद्दाम केलेली आहे. कागद एकमेकांखाली दडतात, घड्याळ पळतं, दर दिवशी नवा नियम येतो. तासाभरात बाबा असे रमले की चहा गार झाला. मग एक नवरा आला, त्याचे कागद बरोबर. त्याच्या मागोमाग बायको, तिच्याकडे परवाना नाही. परत पाठवलंत तर मारतील, म्हणाली. बाबांनी चष्मा पुसला आणि मंजुरीचा शिक्का मारला. लगेच यंत्रातून चूक झाल्याची चिठ्ठी बाहेर आली. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ असतात, तिसरीपासून दंड. बाबांची ती तिसरी होती. रात्री त्यांनी घरची शेकोटी बंद ठेवली.

जेवताना मधेच म्हणाले, "नंतरच्या बाईला मी परत पाठवलं. तिचंही खरंच असेल."

हे वाक्य गेममध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

पोलंडच्या 11 बिट स्टुडिओजचे 'धिस वॉर ऑफ माइन' (2014) आणि 'फ्रॉस्टपंक' (2018) हेही जरूर खेळा. पहिल्यात तुम्ही भुकेपोटी म्हाताऱ्या जोडप्याचं घर लुटू शकता, आणि मग तुमचंच पात्र खचून जातं. 'बायोशॉक' खेळा, पण त्यातल्या पात्रांनी मागे ठेवलेल्या ध्वनिमुद्रित डायऱ्यांची नक्कल लगेच करू नका. नवख्यांच्या प्रत्येक गेममध्ये कोणीतरी मरता मरता टेपरेकॉर्डर चालू केलेला असतो.

आता कामाचं बोलू. ट्वाइन हे ब्राउझरमध्ये चालणारे, शब्दांवरचे गेम करायचं साधन फुकट आहे, प्रोग्रॅमिंग न येताही पहिला गेम होतो. पुढे इंक शिका. इंकल या ब्रिटिश स्टुडिओची ही लेखनभाषा त्यांनी 2016 मध्ये सगळ्यांना खुली केली. मराठीत लिहिणार असाल तर एक ठेच आधीच सांगते: ब्राउझरमध्ये देवनागरी नीट दिसते, पण तोच मजकूर युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, अक्षरं दाखवणाऱ्या टेक्स्टमेश प्रोमध्ये टाकलात की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. मी यात एक आख्खा आठवडा घालवला. म्हणून पहिला गेम ब्राउझरमध्येच करा. आणि संवाद एक्सेलच्या चौकटीत लिहायची सवय लावून घ्या, स्टुडिओत बहुतेक दिवस तिथेच जातो, एका शिपायाच्या "थांब!"ची वीस रूपं लिहिण्यात.

लेखक म्हणून थेट जागा आपल्याकडे थोड्या. पुण्यात 'राजी'सारखा गेम (2020) तयार झालाय, तरीही. मी टेस्टिंगमधून, म्हणजे गेममधल्या चुका शोधायच्या कामातून, आत शिरले. दाखवायला लांबलचक दस्तऐवज नको, दहा मिनिटांत खेळून संपेल असं काहीतरी हवं.

माझं ते 'टँकर' नावाचं होतं. तुम्ही पाणी वाटपाचे कारकून, पाच वस्त्या, टँकरच्या खेपा तीन. आधी धरणं का आटली यावर चारशे शब्द होते, ते काढले. कोणीच विचारलं नाही. मैत्रिणीला खेळायला दिलं आणि मागे गप्प उभी राहिले. हे फार अवघड असतं, तोंड दाबून धरावं लागतं. रोज रांगेत एक आजी यायची. तिसऱ्या दिवशी ती आली नाही. मैत्रीण थांबली, यादी वर-खाली केली, मग वळून म्हणाली, "माझ्यामुळे का गं?"

खरं तर मी गेमच्या कोडमध्ये एका व्हेरिएबलचं, म्हणजे माहिती साठवायच्या खणाचं, नाव चुकीचं टाइप केलं होतं. आजी कोणाकडेच तिसऱ्या दिवशी आली नसती. ती चूक मी दुरुस्त केली नाही.