यादी अकरा कलमी, सवय एकही नाही: नव्या वर्षात या चुका टाळा

माझ्या कपाटात जुन्या डायऱ्यांची एक चळत आहे. प्रत्येक डायरीचं पहिलं पान गच्च भरलेलं, जानेवारीचा पहिला आठवडा सुवाच्य अक्षरात, मग अक्षर तिरपं होत जातं आणि फेब्रुवारीपासून पुढे सगळी पानं कोरी करकरीत. आरंभशूरपणाचं याहून चोख दप्तर सापडायचं नाही. एकदा दोन लागोपाठच्या वर्षांची पहिली पानं शेजारी ठेवून वाचली. दोन्हीकडे अकरा कलमं, आणि त्यातली सात जशीच्या तशी पुन्हा उतरलेली. 'पासवर्ड बदलणे' तर दोन्ही वर्षी तिसऱ्याच नंबरावर.

आळशीपणाला दोष देणं सोपं होतं. पण त्याच वर्षांत बाकीची कामं वेळेवर होत होती, म्हणजे घोडं दुसरीकडेच अडत होतं. ते यादीतच अडत होतं.

सवय, काम आणि तपासणी एकाच माळेत ओवणं

माझ्या अकरा कलमांत खऱ्या सवयी तीनच होत्या: रोज चालणं, रात्री फोन लवकर बाजूला ठेवणं आणि झोपेची वेळ पाळणं. पाच कलमं ही एकदाच करायची कामं होती. जुने फोटो नीट लावायचे, औषधांचा डबा रिकामा करायचा, कागदपत्रं एका फायलीत आणायची, असली. उरलेली तीन तपासण्या होत्या, म्हणजे काही महिन्यांनी एकदा बघायच्या गोष्टी.

हे तिन्ही प्रकार 'यंदापासून' या एका शब्दाखाली आले की घोळ होतो. एकदाच करायच्या कामाला तारीख लागते, ती नसली की ते वर्षभर टोचत राहतं. तपासणी लक्षात ठेवायची नसतेच, ती कॅलेंडरमध्ये पुन्हा पुन्हा येणारी नोंद म्हणून टाकून मोकळं व्हायचं. आणि सवयी एका वेळी एक, फार तर दोन. तिसरी सवय यादीत चढली की पहिली खाली पडते, हा माझ्या डायऱ्यांचा दाखला.

तुमची यादी आधीच लिहून झाली असेल तर प्रत्येक कलमापुढे स, का किंवा त लिहून बघा. यादी आपोआप आटोपशीर होते.

सवयीला खुंटी न ठोकणं

'रोज वाचेन' हे वाक्य ऐकायला छान आहे, पण ते टांगायचं कुठे? केव्हा, कुठे, कशानंतर, यातलं काहीच त्यात नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली 'अमुक झालं की तमुक करीन' अशा शब्दांत केलेल्या निश्चयांविषयी लिहिलं. नुसत्या इच्छेपेक्षा असा बांधलेला निश्चय जास्त तडीस जातो, हे त्यानंतरच्या पुष्कळ प्रयोगांत दिसलं आहे. कारणही साधं आहे. वेळ आली की विचार करावा लागत नाही, समोरची खूणच आठवण करून देते.

माझी फोनची सवय तीन वर्षं फसली, कारण चार्जर उशाशी होता. 'साडेदहानंतर फोन नाही' असं मी रोज ठरवायचो आणि साडेअकराला चार्जरची वायर ताणून, कुशीवर वळून तोच फोन बघत असायचो. शेवटी चार्जर बाहेरच्या खोलीतल्या फळीवर नेला आणि खुंटी ठोकली: रात्री दात घासून झाले की फोन फळीवर. पहिल्या तीन रात्री झोपेत हात उशाखाली चाचपडत होता. चौथ्या दिवशी मनाने गजराची सबब काढली, तेव्हा एक साधं गजराचं घड्याळ आणलं. सबबी संपल्या तशी सवय लागली.

खुंटी निवडताना एक चूक मात्र हमखास होते. ती हलती असते. 'ऑफिसातून आल्यावर' ही खुंटी सुट्टीच्या दिवशी जागेवरच नसते. शनिवार-रविवारी सवय मोडते आणि सोमवारी पुन्हा धरवत नाही, असं होत असेल तर आधी खुंटी तपासा. दात घासणं, अंघोळ, दिवे मालवणं या गोष्टी सातही दिवस घडतात.

एकवीस दिवसांचा हिशेब धरून बसणं

एकवीस दिवसांत सवय लागते, हे कुणी ना कुणी सांगतंच. या आकड्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनकडे जातं. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या लोकांना नव्या रूपाची सवय व्हायला 'निदान' एकवीस दिवस लागतात, असं त्याने १९६० साली लिहिलं. पुढे तोंडोतोंडी त्यातला 'निदान' गळला आणि चेहऱ्याचं निरीक्षण सगळ्या सवयींना चिकटलं.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, याचा मधला आकडा त्यात ६६ दिवस निघाला. पण माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. साधं पाणी पिण्याची सवय लवकर लागली, व्यायामाला जास्त वेळ लागला. म्हणजे २२व्या दिवशीही चालायला जाणं जिवावर येत असेल, तर तुमच्यात काही खोट नाही. एवढ्यात ते व्हायचंच नव्हतं.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते: एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात म्हणावा तसा फरक पडला नाही. प्रत्यक्षात आपण उलटं वागतो. एक दिवस खाडा झाला की 'गेलंच ना सगळं, आता पुढच्या वर्षी बघू'. जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी डाएट करणाऱ्यांमध्ये नेमकी हीच वृत्ती पाहिली. नियम एकदा मोडला की लोक उरलासुरला लगामही सोडून देतात.

म्हणून खाड्यांची साखळी बघायची. एक खाडा सोडून द्यायचा. पण लागोपाठ तीन खाडे झाले, तेही एकाच कारणाने, तर वेळ किंवा जागा बदलायची. मन घट्ट करण्याचा उपदेश स्वतःला करत बसण्यापेक्षा हे फार लवकर लागू पडतं.

मोठा आकडा डोक्यावर घेणं

दहा हजार पावलांचं लक्ष्य जपानमध्ये १९६५च्या सुमाराला विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रामुळे रूढ झालं. यंत्राच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं' असा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात. दिवसाला बावीस-पंचवीस मिनिटं भरभर चाललं की त्यातला खालचा आकडा गाठला जातो. साडेचार हजार पावलांवर घड्याळाकडे बघून हिरमुसायचं कारण नाही.

घर: एका रविवारी सगळं बाहेर काढणं

सकाळी दहाला कपाट उपसलं जातं. दुपारी चारला सगळं पलंगावर असतं आणि हातात जुन्या पत्रांचा गठ्ठा. रात्री झोपायला जागा हवी म्हणून ते सगळं तसंच परत कोंबलं जातं. एका वेळी एक ड्रॉवर, आणि तो बंद झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, एवढं पाळलं तरी पुरे.

औषधांच्या डब्यात एक बारकावा निसटतो. खोक्यावरची मुदत न उघडलेल्या औषधाची असते. डोळ्यांत घालायचे बरेच ड्रॉप्स उघडल्यापासून चार आठवड्यांतच टाकून द्यायचे असतात. बाटली उघडताना तिच्यावर पेनाने तारीख घालायची. पासपोर्टचंही असंच. मुदत संपायला अवकाश आहे म्हणून आपण निवांत असतो, आणि बरेच देश सहा महिने शिल्लक असल्याशिवाय आत घेत नाहीत.

आता सगळ्यात दुर्लक्षित तपासणी. मेन बोर्डवर जे लहान स्विच असतात, ते एमसीबी. लोड वाढला किंवा शॉर्ट सर्किट झालं की ते पडतात. माणसाला शॉक लागताना वीज तोडणारं यंत्र वेगळं, ते आरसीसीबी. घरगुती आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडेल असा असतो. त्याच्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की यंत्र मुद्दाम थोडी गळती घडवतं आणि वीज तुटायला हवी. तुटली नाही, तर इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवायचं. वर्षानुवर्षं न हललेली ही यंत्रं आतून अडकून बसू शकतात. हे बटण माझ्या घरी किती वर्षं कुणी दाबलंच नव्हतं, ते न सांगितलेलं बरं. घरात एमसीबीच आहेत, आरसीसीबी नाही, असं निघालं तर ते या वर्षीचं पहिलं काम.

ऑनलाइन: उत्साहात सगळे पासवर्ड बदलणं

तिसऱ्या नंबरावरच्या त्या कलमाकडे येऊ. नवं वर्ष लागलं म्हणून पासवर्ड बदलायला बसलं की पाचव्या खात्यानंतर कल्पकता संपते. मग जुन्याच पासवर्डच्या शेवटी नवं साल आणि उद्गारचिन्ह लागतं. हल्लेखोरांना ही खोड चांगली ठाऊक आहे.

ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदला, आकडा घाला, चिन्ह घाला, हे नियम रूढ होण्यात एनआयएसटी या अमेरिकन सरकारी संस्थेच्या २००३च्या मार्गदर्शिकेचा मोठा वाटा होता. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी पुढे २०१७ साली त्याबद्दल खेद बोलून दाखवला. त्याच वर्षी संस्थेनेही नियम बदलले: चोरीला गेल्याची शंका असेल तरच पासवर्ड बदलायला लावा, आणि लांबीला महत्त्व द्या.

खरा धोका एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरण्यात आहे. एका साइटवरून तो फुटला की ईमेल आणि पासवर्डची तीच जोडी बाकी सगळीकडे यंत्राने लावून बघितली जाते. म्हणून सुरुवात ईमेलपासून करा. बाकी बहुतेक खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?'चे निरोप तिथेच येतात. ईमेलला कुठेच न वापरलेला, लांबलचक पासवर्ड द्या. बाकीचे 'पासवर्ड मॅनेजर'कडे, म्हणजे पासवर्ड तयार करून जपून ठेवणाऱ्या ॲपकडे, सोपवा आणि ज्या खात्यात लॉगिन करायची वेळ येईल तेव्हा तेवढा एक बदला. महिन्याभरात महत्त्वाचे सगळे होतात.

किल्ली कुलूपबंद खोलीत ठेवणं

दोन टप्प्यांचं लॉगिन, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोडही मागणारं, चालू करताना काही रिकव्हरी कोड मिळतात, फोन हाताशी नसला तर आत शिरण्यासाठी. मी शहाण्यासारखा त्यांचा स्क्रीनशॉट काढला. फोनमध्ये. ज्या फोनमध्ये कोड देणारं ॲपही होतं. तो फोन पाण्यात पडला आणि पुन्हा उठला नाही. ईमेल मागत होतं कोड, कोड होते फोनमध्ये, आणि फोन बुडालेला. ओळख पटवण्याच्या फेऱ्यांत दिवस गेले. मधल्या काळात जिथे तिथे 'तुमच्या ईमेलवर निरोप पाठवला आहे' हेच वाचत बसलो.

आता ते कोड कागदावर आहेत आणि कागद पासपोर्टच्या फायलीत. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर जुना तर नाही ना, हेही त्याच बैठकीत बघून घ्या. बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याच कुणाला मिळालेला असू शकतो.

सिंक म्हणजे बॅकअप समजणं

फोटो क्लाउडवर दिसतात म्हणून ते सुरक्षित आहेत, असं वाटतं. पण सिंक म्हणजे फोन आणि क्लाउड आपोआप एकसारखे ठेवणं, त्यात इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. काही सेवा थोडे दिवस कचऱ्याच्या डब्यात ठेवतात, तेवढाच आधार. जुना ३-२-१ चा नियम अजूनही चोख आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. आणि बॅकअप उघडून बघितल्याशिवाय तो बॅकअप धरायचा नाही. महिन्यातून एकदा कुठलाही एक जुना फोटो परत आणून उघडून बघा. ड्राइव्ह कुरकुरायला लागली असेल तर ती हौसेच्या दिवशी कळलेली बरी, गरजेच्या दिवशी नको.

'नंतर आठवण करा'

मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीच्या व्हायरसने जगभरातले दोन लाखांहून अधिक संगणक धरले. ज्या फटीतून तो आत शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. दोन महिने लोक नंतर, नंतर म्हणत होते. अपडेट रात्री आपोआप होऊ द्या, आणि कलम यादीतून खोडा.

जाता जाता दोन छोट्या गोष्टी. ॲप काढून टाकलं म्हणून त्याची वर्गणी थांबत नाही, ती वेगळी रद्द करावी लागते. आणि एखादं गूगल खातं दोन वर्षं वापरलं नसेल तर कंपनी ते पुसू शकते, डिसेंबर २०२३पासून तसा नियम लागू आहे. जुन्या फोटोंचं दुसरं खातं असेल तर एकदा आत जाऊन या.

फेब्रुवारी उजाडला आणि सगळं मोडलं असेल तर

पुढच्या १ जानेवारीची वाट बघू नका. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांच्या २०१४च्या अभ्यासात दिसलं, की नवा आठवडा, नवा महिना किंवा वाढदिवसानंतरचे दिवस आले की लोकांचं जिमला जाणं वाढतं. येत्या सोमवारी चालेल.

माझ्या यंदाच्या डायरीच्या पहिल्या पानावर दोनच ओळी आहेत. बाकी सगळं कॅलेंडरमध्ये गेलं: महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला टेस्टचं बटण, मग एक फोटो परत आणणे. पहिल्या रविवारी बरोब्बर अकराला मी बटण दाबलं. खट्ट आवाज झाला, पंखे थांबले, आणि आतल्या खोलीतून लेकीची आरोळी आली, "बाबा! सांगायचं तरी आधी!" तिने दोन तास लिहिलेलं, सेव्ह न केलेलं पान गेलं होतं. कॅलेंडरच्या नोंदीत आता सुरुवातीला एक ओळ वाढली आहे: आधी घरात ओरडून सांगणे.