शॉपफ्लोअरवर मनाची काळजी : फौंड्री आणि वर्कशॉपच्या मालक-सुपरवायझरांसाठी

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत पन्नास-साठ माणसांच्या फौंड्रीला (धातू ओतायच्या कारखान्याला) किंवा वर्कशॉपला स्वतःचा समुपदेशक ठेवणं परवडत नाही, आणि सुरुवात तिथून करायचीही नसते. वर्षातून एकदा वक्ता बोलावून सकारात्मक विचारांवर तासभर ऐकवलं की काम झालं, हा समजही सोडा. व्याख्यान ऐकून माणूस त्याच शिफ्टला आणि त्याच शिव्या खायला परत जातो. कामगाराचं मन सांभाळायचं असेल तर आधी शिफ्टचा तक्ता, रिजेक्शनची (बाद झालेल्या मालाची) मीटिंग आणि उचलीची वही या तीन गोष्टी समोर घ्या. तिथं दुरुस्ती झाल्याशिवाय डॉक्टर आणि औषधांचाही पुरता उपयोग होत नाही.

शिफ्टचा तक्ता

मन बिघडायला झोप मोडणं हे फार मोठं कारण असतं. शिफ्ट फिरवायची तर फर्स्ट, सेकंड, नाईट याच क्रमाने फिरवा. शरीराला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जड जातं, म्हणून उलटा क्रम त्रासाचा ठरतो. दोन शिफ्टमध्ये किमान ११ तास मोकळे हवेत. रात्री अकराला सेकंड सुटलेला माणूस मोटारसायकलवरून मुरगूडला पोचून, जेवून झोपेपर्यंत एक वाजतो. त्याला सकाळी सातच्या फर्स्टला बोलावलं तर हातात चार तासांची झोप राहते. अशीच माणसं मशीनवर बोट अडकवून घेतात, किंवा साध्या बोलण्यावरून हातघाईवर येतात.

नाईटला पहाटे तीननंतर कडक चहा देऊ नका, नाहीतर सकाळी घरी गेल्यावर झोप येत नाही. मधल्या सुट्टीत २० मिनिटांची डुलकी घेऊ द्या. मात्र उठल्यावर पहिली १५ मिनिटं लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं), क्रेन आणि ग्राइंडरपासून लांब ठेवा, कारण तेवढा वेळ डोकं जडच असतं.

ओव्हरटाइमला दुप्पट दर मिळतो म्हणून कामगार स्वतःच डबल (सलग दोन शिफ्ट) मागतो, हे खरं आहे. तरीही एकाच माणसाला लागोपाठ डबल देऊ नका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासात आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त दिसला. दर शनिवारी हजेरीवरून प्रत्येकाचे आठवड्याचे तास काढा आणि ५५ च्या पुढं गेलेल्या नावांना पुढच्या आठवड्यात ओव्हरटाइम बंद ठेवा.

रिजेक्शन आणि शिव्या

कास्टिंगला (ओतलेल्या पार्टला) ब्लो होल, म्हणजे गॅसमुळे पडलेलं छिद्र, आलं की पहिला ओरडा पोअरिंगवाल्याला, म्हणजे धातू ओतणाऱ्याला बसतो. पण वाळूतला ओलावा वाढलेला असेल, कोअर (पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) नीट भाजलेला नसेल किंवा साच्यातून गॅस बाहेर पडायला वाट नसेल, तरीही तोच दोष येतो. म्हणून सकाळच्या दहा मिनिटांच्या मीटिंगचा क्रम ठरवून टाका: पार्ट नंबर, वाळूची मॉइश्चर टेस्ट, कोअरचा लॉट, धातूचं तापमान, आणि सगळ्यात शेवटी माणूस. माणसाचं नाव घ्यायची वेळ आलीच तर ते केबिनमध्ये, दार लावून घ्यायचं. आई-बहिणीवरून शिव्या ही आपल्याकडची बोलायची पद्धतच आहे, असं सांगणारे सुपरवायझर भेटतात. चारचौघांत असा अपमान झालेला माणूस पुढच्या वेळी चूक लपवतो आणि खराब माल गिऱ्हाइकापर्यंत जातो. मालकाने हे एकदा सगळ्यांसमोर स्पष्ट बंद केलं पाहिजे, आणि स्वतःही पाळलं पाहिजे.

पैशाचं ओझं

मनावरचा ताण अनेकदा हप्त्यांच्या रूपात येतो: पतसंस्था, भिशी, बायकोच्या नावावरचं बचतगटाचं कर्ज. उचल देताना परतफेड महिन्याच्या पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका, आणि पगाराची तारीख चुकवू नका. वसुलीवाल्याला गेटवर उभं राहू देऊ नका. सिक्युरिटीला तसं लेखी सांगा. कामगारांदेखत झालेला तमाशा माणूस विसरत नाही.

ओळखायचं कसं

एखाद्या वाईट दिवसावरून निष्कर्ष काढू नका. दोन आठवडे टिकलेला बदल बघा: वेळेवर येणाऱ्याचे खाडे वाढले, डबा अर्धा परत जातो, हसतमुख माणूस चहाला एकटा बसतो, नेहमीच्या मापात चूक होते, डोकं-पाठ-छाती दुखते म्हणून वारंवार गोळी मागतो. आपल्याकडं पुरुष ‘मन लागत नाही’ असं सहसा म्हणत नाही, ‘अंगात दम नाही’ म्हणतो. छातीत दुखण्याची तक्रार मात्र ताणावर ढकलू नका; आधी ईसीजी काढायला पाठवा.

दहा मिनिटांचं बोलणं

काचेच्या केबिनमध्ये बोलू नका, सगळा फ्लोअर बघत असतो. शिफ्ट सुटतानाही नको, त्याचं लक्ष घरच्या वाटेवर असतं. जेवणानंतर गेटबाहेर, चालत बोललेलं बरं. सुरुवात दिसलेल्या गोष्टीपासून करा: “मामा, दोन आठवडं झालं बघतोय, डबा निम्मा तसाच ठेवतायसा. झोप लागतीय का न्हाई?” एवढं विचारून गप्प राहा. माणूस लगेच बोलेल असं नाही. “काय न्हाई” म्हणाला तर दोन दिवसांनी परत विचारा.

‘रंकाळ्यावर एक चक्कर मार’, ‘तालमीत जा’, ‘तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढल्यात’ ही वाक्यं प्रेमापोटी येतात, पण समोरचा मिटतो. त्याऐवजी विचारा, “ह्या आठवड्यात आमच्याकडनं काय केलं तर हलकं वाटंल?” उत्तर बहुतेक वेळा छोटं असतं: नाईट बदला, दोन दिवस सुट्टी द्या, अमक्याच्या हाताखाली नको. त्यातलं जमेल ते त्याच दिवशी करा.

आणि शंका आली तर सरळ विचारा: “जीव द्यावा असं मनात येतंय का?” विचारल्याने तो विचार डोक्यात जातो, ही भीती खोटी आहे, विचारल्याने माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि गाडीवरून एकटं घरी पाठवायचं नाही. घरच्यांना बोलवा, कोल्हापुरातल्या सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या अपघात विभागात सोबत जा. घरी ऊस-भात असेल तर फवारणीची औषधं आणि तणनाशकं त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी हलवायला सांगा. या उपायाने जीव वाचतात. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला पोलीस केसची भीती घालू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे तो तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही.

कुठं पाठवायचं

टेलिमानस १४४१६ हा मनाच्या त्रासावर बोलण्यासाठीचा सरकारी, मोफत, चोवीस तासांचा नंबर आहे. मराठीत बोलता येतं, आणि बिहार-यूपीच्या कामगारांना हिंदीत. हा नंबर नोटीस बोर्डापेक्षा संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथं कुणी बघत नसताना तो मोबाइलमध्ये घेता येतो.

ईएसआय (कामगार राज्य विमा) असलेल्या कामगाराला आजारपणाच्या रजेत ७० टक्के वेतन वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतं, आणि मानसिक आजारही त्यात धरले जातात. हे कामगाराला माहीत नसतं, म्हणून अर्ज भरायला एका माणसाला सोबत बसवा. रजेच्या नोंदीत फक्त ‘आजारपण’ लिहा. आजाराचं नाव सुपरवायझरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलं तर पुढं कुणीच तोंड उघडणार नाही.

रोज दारू पिणाऱ्याला ‘उद्यापासून बंद’ अशी शपथ घालू नका. शरीराला सवय लागलेली असताना एकदम थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते; दोन ते चार दिवसांत भ्रम आणि थरथर सुरू होऊन जीवावर बेततं. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची.

पुराचे महिने

२०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या कामगारांना जुलैमध्ये पाऊस वाढला की झोप लागत नाही. पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं सरकायला लागली की या गावांतल्या लोकांना न मागता सुट्टी द्या, म्हणजे जनावरं आणि सामान हलवता येईल. जीव टांगणीला ठेवून केलेलं काम तसंही हातचं निसटतं.

कामावर परत येताना

उपचार सुरू झालेला माणूस रुजू होताना पहिले दोन आठवडे निम्मा टार्गेट आणि पहिला महिना नाईट बंद ठेवा. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे ‘अजून बरा नाही?’ असा प्रश्न आठव्या दिवशी विचारू नका. बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने सोडू नयेत, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

भट्टीजवळ काम असेल तर ते डॉक्टरांना आधी कळलं पाहिजे. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी घामाने कमी झालं की रक्तातलं औषध वाढून विषबाधा होऊ शकते, आणि मानसिक आजाराची काही औषधं उष्णता सोसण्याची ताकद कमी करतात. गुंगी आणणारी गोळी चालू असेतो क्रेन, फोर्कलिफ्ट आणि पोअरिंग नको. डिस्पॅच, इन्स्पेक्शन किंवा स्टोअर द्या, आणि पगार तोच ठेवा. हात थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या, पुढच्या तारखेची वाट बघू नका.