जुनी फ्रेंच ओपलाइन फुलदाणी पुसण्याआधी

ओपलाइन म्हणजे दुधाळ, अर्धपारदर्शक काच. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच ओपलाइन फुलदाणीची काच टणक असते, पण तिच्यावरची फुलं नाजूक असतात. ती एनॅमलच्या, म्हणजे काचेची पूड असलेल्या रंगांनी हाताने रंगवून कमी आचेवर भाजलेली असतात, म्हणून रंग काचेत मुरत नाही, वर बसतो. काठावरचा सोनेरी मुलामा तर त्याहून हळवा. अमोनियावाला काच-क्लीनर, व्हिनेगर, घासणी आणि डिशवॉशर या चारही गोष्टी कटाक्षाने टाळा.

आधी भिंग घेऊन पाकळ्या नीट पाहा. ब्रशचे फटकारे आणि रंगाचा किंचित उंचवटा दिसला तर काम हाताचं; सारख्या आकाराचे बारीक ठिपके दिसले तर छापील चित्र. मग आत छोटी टॉर्च धरा. पांढऱ्या ओपलाइनमधून बऱ्याचदा नारिंगी झाक उमटते, आणि ती पाहणं हा खरोखर आनंद आहे! याच उजेडात बारीक तडे आणि चिकटवलेले जोडही उघडे पडतात. रंग सुटत असेल किंवा जोड दिसला तर पाणी लावूच नका, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका.

सगळं शाबूत असेल तर सिंकमध्ये टॉवेल अंथरा. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून मऊ कापडाने साधा भाग पुसा. फुलांवर कापड नुसतं टेकवा, सोन्याला हात लावू नका. लगेच टिपून कोरडी करा.

ताजी फुलं ठेवायचीच असतील तर आत काचेची नळी बसवा. पाणी साचून राहिलं की आतल्या बाजूला पांढुरका थर धरतो आणि तो सहजी निघत नाही.