मागचे सस्पेन्शन आणि शाफ्टचा कोन : या चुका टाळा

गाडीची मागची बाजू दोन इंच उचलली किंवा खाली बसवली की सगळे लक्ष स्प्रिंग आणि शॉकअपवर जाते. गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांच्या धुरीपर्यंत नेणाऱ्या लांब दांड्याचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा, कोन मात्र घोडबंदर रस्त्यावर सीट थरथरू लागल्यावरच आठवतो. मग चाकांचे बॅलन्सिंग पुन्हा होते, टायरही बदलले जातात आणि थरथर तशीच राहते. शाफ्ट चाकाच्या तीन-चार पट वेगाने फिरतो आणि कोन बिघडलेला असल्यास प्रत्येक फेऱ्यात दोन झटके देतो, म्हणून त्याची थरथर बारीक आणि गुणगुणणारी असते; चाकाची थरथर त्यामानाने संथ आणि ढोबळ असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असताना कोन मोजणे. तेव्हा हाउसिंग (मागच्या धुरीचे कवच) खाली आलेले असते आणि मिळालेले आकडे रस्त्यावर कधीच लागू होत नाहीत. मापे चाकांवर भार असताना, शक्यतो चालकाला बसवून घ्यावीत. सोसायटीच्या पार्किंगला थोडा उतार असला तरी हरकत नाही, कारण आपल्याला हवा असतो तो कोनांमधला फरक. लोक जमिनीच्या सपाटीची चिंता करतात आणि भाराची विसरतात. कोन मोजायचे गेज टेकवण्यापूर्वी फ्लँजवरचा (शाफ्ट जोडायच्या चकतीवरचा) गंज आणि ऑइलचा थर खरवडून काढावा.

समजा, गिअरबॉक्सचा शाफ्ट मागे ३ अंश उतरतो आणि प्रोपेलर शाफ्ट ५ अंश उतरतो, तर पुढच्या क्रॉसवर (शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्यावर) २ अंशांचा कोन पडतो. दोन साध्या क्रॉसच्या एकसंध शाफ्टमध्ये मागचा कोनही गाडी पळताना तेवढाच हवा, म्हणजे पिनियनचे (हाउसिंगमधल्या, शाफ्ट जोडलेल्या गिअरचे) नाक ३ अंश वर. पण पिकअप घेताना पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत हाउसिंग पिळले जाऊन नाक वर उठते, म्हणून उभ्या गाडीत ते त्या ३ अंशांपेक्षा साधारण २ अंश खाली, म्हणजे १ अंश वर, ठेवले जाते. लिंक आणि कॉइलच्या गाडीत हा पीळ कमी असतो; तिथे पाट्यांचा आकडा जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरते. सुटतानाच थरथर होत असेल आणि एकसारख्या वेगात ती नाहीशी होत असेल, तर पहिला संशय याच पिळावर आणि थकलेल्या बुशांवर घ्यावा.

कोन शून्यावर आणण्याचा हट्टही नको. कोन शून्य असला की क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया जागच्या जागी राहून बेअरिंगच्या कपमध्ये खाचा पाडतात. त्यांना निदान अर्धा-एक अंश हालचाल लागते. शाफ्ट उघडून पुन्हा जोडताना दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत आले नाहीत, तर अचूक बसवलेले कोनही निरुपयोगी ठरतात, म्हणून खोलण्याआधीच खूण करावी. एका टोकाला जोडीने दोन क्रॉस असलेल्या, म्हणजे डबल क्रॉसच्या, शाफ्टला समान कोनांचा हा हिशेब लागू नाही. तिथे पिनियन शाफ्टच्या जवळपास रेषेत ठेवतात.

बुशांचे बोल्ट चाकांवर भार असतानाच अंतिम आवळावेत. हवेत आवळलेले रबर कायम पिळलेले राहते आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांत लवकर फाटते. कोन बदलण्यासाठी पाट्याखाली पाचर घातली असेल, तर यू-बोल्ट काही दिवसांनी पुन्हा तपासावेत आणि कोनही त्याच वेळी पुन्हा मोजावा.