रायफल दोन्ही खांद्यांवरून चालवायचा सराव कसा करायचा

उजव्या खांद्यावरून छान नेम लागतो ना, मग तीच रायफल एकदा डाव्या खांद्याला लावून बघा, परक्या माणसाची वाटते. गाल कुठे टेकवायचा कळत नाही, स्कोपमध्ये कडेला काळी चंद्रकोर दिसते आणि ट्रिगरवरचं बोट लाकडासारखं होतं. पण भिंतीच्या डाव्या कडेने नेम धरायचाय, किंवा शिकारीत जनावर नेमकं उजवीकडून आलं आणि तिकडे वळायला जागाच नाही, किंवा उजवा खांदाच दुखावलाय, अशा वेळी डावा खांदाच कामाला येतो. (डावखुरे असाल तर खालचं सगळं उलटं धरा.)

सगळ्यात आधी रायफल रिकामी करा. आधी मॅगझिन काढा, मग बोल्ट उघडा, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागेत) डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. नळी अशा दिशेला जिथे भिंतीपलीकडे माणूस नाही. मधे फोन आला, चहाला उठलात, तर परत आल्यावर हे सगळं पुन्हा, पहिल्यापासून. इथे आळस अजिबात नको.

आता डोळा. खरी अडचण खांद्याची नसतेच, डोळ्याची असते. दोन्ही हात लांब करून पंज्यांमध्ये छोटी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबची एखादी वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच दिसत राहते तो तुमचा मुख्य डोळा. तो उजवा असेल तर डाव्या खांद्यावर तो मधे मधे करतो, त्यासाठी चष्म्याच्या उजव्या काचेवर धूसर टेपचा छोटा तुकडा लावा, उजेड येतो पण निशाणा दिसत नाही. डोळा घट्ट मिटून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं, चेहरा आखडत नाही.

मग नुसती रायफल खांद्याला लावायची, उजवा पाय पुढे, डावा मागे. डोळे मिटून लावा, गाल स्टॉकवर (रायफलच्या मागच्या दांड्यावर) टेकवा आणि मग डोळे उघडा, स्कोपमधलं चित्र पूर्ण दिसलं तर जमलं, नाही तर मान वाकडी न करता बट (स्टॉकचं खांद्याला टेकणारं टोक) सरकवा. असं वीस वेळा, सावकाश. घाई केली की चुकीचीच सवय लागते.

खांदा बदलताना क्रम पक्का हवा: बोट ट्रिगरवरून बाहेर, सेफ्टी लावली, नळी जिथे होती तिथेच, बट खांद्यावरून खाली, उजवा हात ग्रिप सोडून पुढे, डावा मागे ग्रिपवर, पाय बदलले, मग बट डाव्या खांद्याला. एका वेळी एकच हात हलवायचा. पट्टा गळ्यात असेल तर आधी काढा, नाही तर गुंता होतो.

त्यानंतर ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या रायफलीचा ट्रिगर दाबायचा सराव. नळीवर नाणं ठेवा आणि ते न पाडता ट्रिगर दाबा. पॉइंट टू टू (.22) रायफल असेल तर स्नॅप कॅप (सरावाची नकली गोळी) वापरा, रिकामी मारली तर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटू शकते. स्प्रिंगवाली एअर रायफल तर रिकामी मारूच नका, छरा नसला की पिस्टन जोरात आदळतो आणि खराब होतो.

रोज दहा मिनिटं पुरे. कारोली टाकाच या हंगेरियन नेमबाजाचा उजवा हात 1938 मध्ये हातबॉम्बने गेला, त्याने डाव्या हाताने पिस्तूल शिकून 1948 आणि 1952 ला ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं, मला सरावाचा कंटाळा आला की तोच आठवतो.

रेंजवर खऱ्या गोळ्या मारताना कमी धक्क्याची रायफल घ्या आणि डोळ्यांना चष्मा हवाच, कारण झाडलेल्या गोळीचं रिकामं कवच उजवीकडे टाकणारी रायफल डाव्या खांद्यावर असली की ते गरम कवच तोंडासमोरून जातं, कधी कधी उजव्या हातावरही पडतं. पहिल्या दिवशी पाच-दहाच गोळ्या मारा, त्याही रेंज ऑफिसरला आधी सांगून.